ऑफरोड गाडीला स्पेसर लावायचाय? आधी हबला व्हर्नियर लावा

जिप्सी, जिमनी, थार घरी आली की पहिल्या काही महिन्यांत मोठे टायर येतात, मग ते पूर्ण स्टेअरिंग कापल्यावर आत घासायला लागतात, आणि मग कोणीतरी सांगतं की स्पेसर टाक ना, तासाभराचं काम आहे. काम तासाभराचंच आहे, पण तो धातूचा जाड तुकडा तुमच्या चाकाच्या आणि हबच्या, म्हणजे चाक ज्या गोल भागावर बसतं त्याच्या, मधे बसून चाक बाहेर सरकवणार आहे आणि घाटात घरच्यांना घेऊन तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवून चालणार आहात, त्यामुळे दुकानात "किती इंची आणि केवढ्याला" एवढंच विचारून घ्यायची ही वस्तू नाही. मी इथे जिमनीचे आकडे धरून लिहितोय कारण सध्या तीच माझ्याकडे आहे, पण मापं घ्यायची पद्धत कुठल्याही गाडीला हीच.

आधी जिप्सी होती. तिला मी १२ मिमीचे साधे प्लेटसारखे स्पेसर लावले होते, म्हणजे मूळ स्टडवरच (हबमधून बाहेर आलेले, नट बसतात ते आट्यांचे बोल्ट) सरकवायचे आणि वरून चाक बसवायचं. बसवणाऱ्याने नट गनने (नट आवळायच्या मशीनने) मारून दिले, मी पण काही विचारलं नाही. ताम्हिणीत एक ओढा ओलांडून वर रोडला आलो तर डाव्या वळणावर मागून टक टक असा आवाज, सरळ रस्त्याला बंद, वळलं की परत. खाली उतरून पाना लावला तर मागच्या एका चाकाचे तीन नट नुसत्या बोटाने फिरत होते आणि एक स्टड मुळाशी तुटलेला. चाक काढून बघितलं तेव्हा स्पेसरच्या तोंडावर पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी होती, हाताला लागली की निघत नव्हती, आणि स्टडची भोकं गोल राहिलीच नव्हती, एका बाजूला चेपून लांबट झालेली. नंतर घरी मोजलं तर नट जेमतेम पाच आटे पकडत होता. त्या दिवशी मागच्या सीटवर माझी बहीण आणि तिचा मुलगा होता. तेव्हापासून कोणी स्पेसरचं विचारलं की मी आधी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) देतो.

चाक नक्की कशावर टिकतं ते समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं की गाडीचं वजन स्टडवर लटकलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने चाकाचं तोंड हबच्या तोंडावर दाबलं जातं, त्या दोन सपाट तोंडांमधल्या घर्षणावर चाक टिकतं. जिमनीचे नट १०० न्यूटन मीटरला आवळायचे असतात, कोरड्या १२ मिमीच्या स्टडवर हिशोब केला तर एका स्टडमागे साधारण चार टनाचा दाब येतो, पाच स्टडचा मिळून वीस टनाच्या आसपास. गाडी बाराशे किलोच्या आसपासची. म्हणजे दाब भरपूर आहे, पण तो दाब पूर्ण पोचला तरच. मधे गंजाचा पापुद्रा असेल, पेंटचा जाड थर असेल, तोंड नीट टेकलं नसेल, आटे कमी पकडले असतील तर चाक त्या फटीत रोज थोडं थोडं हलतं, हललं की भुकटी पडते, भुकटी पडली की अजून ढिलं होतं, आणि मग स्टड वाकून वाकून तुटतो. माझ्या जिप्सीत नेमकं हेच झालं होतं. खाली जे जे सांगतोय ते सगळं हा दाब टिकवण्यासाठीच आहे.

खरंच लागणार आहे का?

हे आधी ठरवा, कारण बऱ्याच गाड्यांना स्पेसर लागतच नाही. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५, उंची साधारण ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ घातला तर ७०३ च्या आसपास, तो बहुतेक वेळा मूळ रिमवर बिनबोभाट बसतो. २३५/७५ आर १५ म्हणजे ७३३ मिमी, इथे लिफ्टही (सस्पेन्शन उंच करणं) लागते आणि टायर रुंद असल्याने फुल लॉकला मागच्या बाजूला रेडियस आर्मला (ॲक्सल चेसिसला जोडणाऱ्या दांड्याला) घासतो. आता घासणं थांबवायचे तीन रस्ते आहेत. एक म्हणजे स्टेअरिंग स्टॉपचा बोल्ट थोडा बाहेर काढून लॉकनट मारणं, गाडी वळायला किंचित जास्त जागा घेते पण फुकटात काम होतं. दुसरा म्हणजे कमी ऑफसेटचा रिम घेणं. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारं तोंड किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते, तो कमी झाला की चाक बाहेर येतं. मूळ रिम साडेपाच इंची आणि ईटी ५, म्हणजे ऑफसेट ५ मिमी, आहे, त्याऐवजी शून्य किंवा मायनस ऑफसेटचा रिम घेतला तर मधे जास्तीचा तुकडाच राहत नाही, सांधे कमी, काळजी कमी. नवीन रिम घ्यायचेच असतील तर माझं मत सरळ आहे, स्पेसर नको, योग्य ऑफसेटचा रिम घ्या. तिसरा रस्ता स्पेसर, म्हणजे रिम मूळचेच ठेवायचेत किंवा आवडीचे आधीच घेऊन झालेत आणि त्यांना आत घासतंय, तेव्हा.

गाडी रुंद झाली की उताराला आडवं चालताना स्थिर वाटते हे खरं आहे, पण किती ते पण बघा. २५ मिमीचा स्पेसर दोन्ही बाजूंना म्हणजे रुंदी ५० मिमीने वाढली, जिमनीचा पुढचा ट्रॅक, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १३९५ मिमी आहे, म्हणजे साडेतीन टक्के. तेवढ्यासाठी लावणार असाल तर टायरची हवा आणि टपावरचं वजन आधी कमी करा, त्याने जास्त फरक पडतो. छतावर कॅरिअर, त्यावर दोन जेरीकॅन आणि खाली स्पेसर हे गणित मला कधीच पटलेलं नाही.

आणि जे वाईट होतं ते पण. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर तरफ वाढते, खड्ड्यात आदळलं की स्टेअरिंगला जास्त हिसका बसतो, आणि जिमनी, जिप्सीसारख्या सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असलेल्या) गाडीत किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचे, बेअरिंग आधीच ढिले असतील तर ६०-७० ला स्टेअरिंग थरथरायला लागतं. आधीच थरथरत असेल तर आधी ते दुरुस्त करा, स्पेसर त्यानंतर. जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा, प्ले जाणवला तर स्पेसरचे पैसे बेअरिंगला घाला.

मापं, स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या हाताने

पीसीडी म्हणजे स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. पाच स्टडच्या गाडीत समोरासमोर स्टड नसतो म्हणून सरळ मोजता येत नाही, तर शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर घ्या, एका स्टडच्या डाव्या कडेपासून पुढच्याच्या डाव्या कडेपर्यंत, म्हणजे मध्य ते मध्य आपोआप मिळतं, आणि त्याला १.७०१ ने गुणा. जिमनीला हे अंतर ८२.१ येतं, गुणलं की १३९.७. जीप रँग्लर जेकेला ७४.६ येतं म्हणजे १२७. सहा स्टडची फॉर्च्युनर, हायलक्स असेल तर समोरासमोरचे दोन स्टड मोजा, १३९.७ येईल.

पण पीसीडी जुळला म्हणजे झालं असं समजू नका, लोक इथेच फसतात. अमेरिकेतल्या रॅम १५०० पिकअपला पण बरीच वर्षं हाच ५ बाय १३९.७ होता, त्याचं मधलं भोक मात्र ७७.८, आणि जिमनीचा हब १०८. तो स्पेसर तुमच्या हबवर चढणारच नाही. उलट ११० भोकाचा घेतला तर चढेल, पण २ मिमी खेळेल, आणि मग चाक मध्यावर बसेल की नाही हे नशिबावर. म्हणून दुसरं माप हबच्या मधल्या गोल उंचवट्याचा व्यास, आणि तिसरं तुमच्या रिमच्या मागच्या भोकाचा व्यास. बाजारातल्या अलॉयचं भोक बरेचदा हबपेक्षा मोठं असतं. चांगला स्पेसर आतून हबला घट्ट बसतो आणि बाहेरून त्याला स्वतःची कड असते जिच्यावर रिम बसतो, ह्यालाच हबसेंट्रिक म्हणतात. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, फक्त आतली नाही. जिमनीत पुढचा हब बराच बाहेर आलेला असतो, तो स्पेसरमधून आरपार जायला जागा आहे ना हे पण बघा.

चौथं, आटे. जिमनी आणि जिप्सीला १२ मिमीचा स्टड, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी. फॉर्च्युनरला १२ मिमीच पण पिच १.५. एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर सुरुवातीला दोन-तीन फेरे जातो आणि मग अडकतो, तिथे कोणी गन मारली की स्टड संपला. पिच गेज नसेल तर गाडीचाच एक नट खिशात घालून दुकानात जा आणि स्पेसरच्या स्टडवर बोटाने शेवटपर्यंत फिरवून बघा, पाना न लावता सहज गेला पाहिजे.

पाचवं माप कोणी घेत नाही, हबपासून मूळ स्टड किती बाहेर आलाय ते. समजा २८ मिमी निघाला आणि स्पेसर २५ चा, तर ३ मिमी स्टड स्पेसरच्या बाहेर येणार आणि रिमच्या पाठीला टेकणार. काही अलॉयच्या पाठीला भोकांच्या मधे खोलगट खण असतात, त्यात तो मावतो, स्टीलच्या रिमला बहुतेक नसतात. तिथे रिम स्टडवर टेकून उभा राहतो, तोंडावर टेकतच नाही, आणि वरून नट आवळलेले दिसतात त्यामुळे कळतही नाही. हे तपासायला मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेतो. स्टड जिथे येणार त्या खणात कणीक दाबायची, स्पेसर लावून चाक हलकं आवळायचं, परत काढायचं, आणि ठशात किती जाडी उरली ते बघायचं. दोन-तीन मिमी कणीक उरलीय तर ठीक, आरपार धातू दिसतोय तर जाड स्पेसर लागेल.

कुठला प्रकार

साधी प्लेट, जी मूळ स्टडवर सरकते, ती ३ ते ५ मिमीपर्यंत ब्रेकचा कॅलिपर रिमला घासू नये वगैरेसाठी चालते, तेही आटे मोजून. नियम असा धरा की नटाने स्टडच्या व्यासाइतकी लांबी तरी पकडली पाहिजे. १२ मिमीचा स्टड आणि १.२५ पिच म्हणजे दहा फेरे. ५ मिमीची प्लेट घातली की चार फेरे कमी होतात. चाक लावून नट बोटाने घालताना फेरे मोजा, दहाच्या आत अडकला तर ती प्लेट काढून ठेवा किंवा लांब स्टड टाकून घ्या. माझ्या १२ मिमीच्या प्लेटचं काय झालं ते वर सांगितलंच.

त्याहून जाड पाहिजे तर बोल्ट-ऑन घ्या. हा आधी मूळ स्टडवर स्वतःच्या नटांनी बसतो आणि त्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक बसतं. नटाची डोकी आत मावायला जाडी लागते म्हणून हे साधारण २५ मिमीपासून पुढे चांगले मिळतात. आणि २५-३० च्या पुढे जाऊ नका असं मी सांगेन. ईटी ५ च्या रिमला २५ लावला की हिशोबाने ईटी मायनस २० झाला, तेवढ्यात टायर फ्लेअरच्या (चाकाच्या कमानीवरच्या कडेच्या) बाहेर डोकवायला लागतो, चिखल काचेवर आणि दरवाज्यावर येतो. दोन स्पेसर एकावर एक तर अजिबात नाही, आणि एका ॲक्सलला दोन्ही बाजूंना एकच जाडी.

माल कसा ओळखायचा

ॲल्युमिनियम ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६, फोर्ज केलेलं (दाबून घडवलेलं) किंवा अखंड बिलेटमधून (भरीव ठोकळ्यातून) काढलेलं. ६०६१-टी६ ला साधारण २७५ मेगापास्कलला कायमचा वाक यायला लागतो, ७०७५-टी६ ला ५०० च्या आसपास. स्पेसरला ६०६१ पुरतं, ७०७५ मिळालं तर छान. ओतीव नको. ओतीव मालात आत बुडबुडे असतात आणि तो न सांगता तडकतो. ओतीवची कड थोडी दाणेदार आणि साच्याची रेघ असलेली दिसते, मशीन केलेल्यावर बारीक गोल गोल रेघा दिसतात, पण वरून मशीन करून ओतीव पण चकचकीत करता येतो, म्हणून ग्रेड लिहिलेलं बिल मागा. देत नसेल तर पुढच्या दुकानात.

स्टडच्या डोक्यावर १०.९ कोरलेलं असावं, म्हणजे १००० मेगापास्कल ताकद. ८.८ असेल किंवा काहीच नसेल तर नको. स्टड मागून दाबून बसवलेले, दातेरी खांद्याचे असतात, ते बोटाने हलले तर तो सेट परत करा.

भोसरी-चाकणला ओळखीचा टर्नर असतो, तो एका दिवसात करून देतो आणि मशीनिंग खरंच सुंदर करतो, त्याच्या हाताला नावं ठेवायची नाहीत मला. अडचण मालाची आहे. भंगारातून आलेला ॲल्युमिनियमचा गोल कुठल्या ग्रेडचा आहे हे त्यालाही माहीत नसतं. करून घ्यायचाच असेल तर ६०६१-टी६ चा बार सर्टिफिकेटसकट तुम्ही विकत घेऊन द्या, स्टड तयार १०.९ चे आणा, आणि ड्रॉइंगवर सगळी मापं लिहून द्या, "जिमनीचा कर" असं तोंडी सांगू नका. तयार घेणार असाल तर स्पायडरट्रॅक्स, एच अँड आर, आयबाख ही नावं जुनी आहेत, पण नकली माल त्याच डब्यात पण येतो म्हणून घरी आल्यावरही मोजायचंच.

मोजायचं म्हणजे, चार ठिकाणी जाडी व्हर्नियरने बघा, ०.१ मिमीच्या वर फरक आला तर मी तरी परत पाठवतो. काचेवर पालथा ठेवून डुगडुगतो का बघा. तोंडावर जाड पावडर कोटिंग असेल तर नको, तो थर गाडी चालवता चालवता दबतो आणि नट ढिले होतात. पातळ ॲनोडायझिंग चालतं.

बसवताना

सपाट जागा, दुसऱ्या चाकांना दगड, जॅकबरोबर स्टँड. चाक काढल्यावर हबचं तोंड तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करा. पावसाळ्यात फिरलेल्या गाडीत हबच्या कडेला गंजाची रिंग जमलेली असते, बोटाला खरखरीत लागते, ती राहिली तर स्पेसर तिच्यावर टेकतो. काही गाड्यांत ड्रम किंवा डिस्क धरून ठेवणारे छोटे स्क्रू किंवा स्टडवर पातळ चकत्या असतात, त्या वर आलेल्या असतील तर आधी त्याचं बघा. मग मार्करने हबच्या तोंडावर रेघा मारा, स्पेसर ठेवून थोडा फिरवा आणि काढून बघा. सगळीकडच्या रेघा पुसल्या गेल्या तर बसलाय, एकाच बाजूच्या पुसल्या तर कुठेतरी अडतोय.

हबच्या मधल्या उंचवट्यावर अगदी पातळ अँटीसीझ (धातू एकमेकांना चिकटू न देणारी पेस्ट) लावा, स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की पाण्यात चिकटतात, आणि अलिबाग-दापोलीला बीचवर जाऊन आला असाल तर अजून लवकर. पण तोंडावर नाही आणि आट्यांवर तर अजिबात नाही. आट्यांना तेल लागलं की त्याच टॉर्कला (आवळायच्या जोराला) स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. आतल्या नटांना निळं थ्रेडलॉक (नट ढिला होऊ न देणारा आट्यांचा गोंद) लावायचं की नाही हे स्पेसरबरोबरच्या कागदावर जे लिहिलंय तसं करा.

नट आधी बोटाने, मग एक सोडून एक, ताऱ्यासारखे, तीन फेऱ्यांत, ४० ला, ७० ला, मग १०० ला. स्पेसर आवळताना हब फिरतो म्हणून पुढे कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा, मागे हँडब्रेक आणि गिअर. आतल्या नटांचे खण अरुंद असतात, त्याला पातळ भिंतीचा खोल सॉकेट लागतो, तो आधीच आणून ठेवा, नाहीतर अर्ध्यात अडकाल. मग चाक, तसंच, तीन फेऱ्यांत. गन फक्त काढायला. टॉर्क रेंचवर (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) किलोग्रॅम-मीटरची पट्टी असेल तर १०.२, फूट-पाउंडची असेल तर ७४. नटाचा उतार रिमच्या बसणीशी जुळतोय ना बघा, जिमनीला निमुळता, काही टोयोटा अलॉयना सपाट वॉशरवाला नट येतो, ह्याचा त्याला लावला तर फक्त कडेवर टेकतो.

सगळं झाल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फुल कापून, एक चाक ठोकळ्यावर चढवून, टायर फ्लेअरला, आर्मला, ब्रेकच्या पाईपला लागत नाही ना हे टॉर्चने बघा. जमिनीवर सरळ उभी असताना न घासणारा टायर चाक वर दाबल्यावर घासतो.

त्यानंतर

८०-१०० किमी चालवून परत टॉर्क. चाकाचे पण आणि चाक काढून आतल्या स्पेसरचे पण. लोक बाहेरचे तपासतात आणि आतले विसरतात, आणि ढिले पडतात ते आतलेच. मग परत एकदा ५०० ला. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसला काढून साफ करा, भुकटी दिसतेय का, भोकाभोवती केसासारखी चीर आहे का ते बघा. दगडधोंड्यातून आलात तर रात्री घरी पोचल्यावर बाहेरच्या नटांना रेंच लावा, पाच मिनिटं लागतात. वळणावर टक टक किंवा नवीन थरथर आली तर पुढचा पेट्रोल पंप येईपर्यंत थांबू नका, तिथेच बाजूला घ्या.

कायद्याचं पण बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले कंपनीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही बाजू कडक धरली. टायर मडगार्डच्या बाहेर दिसला की रस्त्यावर अडवलं जाऊ शकतं आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरची नजर आधी तिथेच जाते. म्हणून आधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारून घ्या, आणि वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरलाही. परवानगी मिळत नसेल तर मूळ ऑफसेटवरच बसणारा टायर निवडा.

आणि स्टेपनी. स्पेसरचे नट वेगळ्या डोक्याचे असतील तर गाडीतला पाना त्याला लागतो का ते घरीच बघा. मी स्टेपनीच्या कव्हरच्या आत एक पुठ्ठा चिकटवलाय, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: चाकामागे स्पेसर आहे, नटांचे दोन थर, १०० न्यूटन मीटर, गन मारू नये. मी नसताना बायको पंक्चरवाल्याकडे गेली तरी तो पुठ्ठा त्याला दिसतो.